अमेरिकेत एफ-१ व्हिसावर काम : कुठे, किती आणि कोणाच्या परवानगीने

एफ-१ हा अमेरिकेचा पूर्णवेळ शिक्षणासाठीचा व्हिसा आहे. त्यावर आलेल्या विद्यार्थ्याला काम करता येते, पण ते सरसकट नव्हे. कायद्याने त्यासाठी मोजके मार्ग ठेवले आहेत आणि प्रत्येक मार्गावर परवानगी देणारा वेगळा आहे. इतर देशांत शिकणाऱ्या मित्रांच्या अनुभवावर विसंबून राहिल्यास इथे फसगत होते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २४ तासांची आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची. या देशांत तासांची मर्यादा पाळली की दुकान, उपाहारगृह, गोदाम अशी बहुतेक कामे खुली असतात. अमेरिकेत हिशेब तासांपासून सुरू होत नाही. आधी काम कुठले, मग त्याला परवानगी कोणाची आणि शेवटी तास किती, असा तिथला क्रम आहे.

व्हिसा, आय-२० आणि स्टेटस

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा देशात प्रवेश मागण्यापुरता असतो. देशात आल्यावर विद्यार्थ्याचे स्थान ठरते ते त्याच्या स्टेटसवरून, आणि स्टेटसचा मुख्य कागद म्हणजे विद्यापीठाने दिलेला आय-२०. त्यावर अभ्यासक्रमाचे नाव, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, खर्चाचा अंदाज आणि पैशाची सोय यांची नोंद असते. ही सर्व माहिती ‘सेविस’ या सरकारी संगणकप्रणालीत असते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओ हा अधिकारी ती अद्ययावत ठेवतो. कामाविषयीचा कोणताही प्रश्न प्रथम न्यायचा तो याच अधिकाऱ्याकडे. विभागातील प्राध्यापक, नोकरी देणारी कंपनी किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी यांनी दिलेली तोंडी खात्री परवानगी ठरत नाही.

स्टेटस टिकण्याची पहिली अट पूर्णवेळ शिक्षण ही आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात; पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी पूर्णवेळ म्हणजे किती, हे विद्यापीठ ठरवते. पूर्णवेळच्या हिशेबात पूर्णपणे ऑनलाइन असा एकच विषय किंवा तीन क्रेडिट धरता येतात. डीएसओला न विचारता विषय सोडला आणि क्रेडिट कमी पडले, तर स्टेटस मोडते. स्टेटस मोडले की काम करण्याचा अधिकारही त्याच क्षणी जातो.

कॅम्पसवरील काम

पहिल्या वर्षापासून खुला असलेला मार्ग म्हणजे कॅम्पसवरील नोकरी. ग्रंथालय, भोजनगृह, व्यायामशाळा, संगणक कक्ष, वसतिगृहाचे कार्यालय, तसेच टीचिंग असिस्टंट आणि रिसर्च असिस्टंट ही पदे यात येतात. या कामाचा अभ्यासक्रमाशी संबंध असण्याची गरज नाही आणि त्यासाठी सरकारी वर्क परमिटही लागत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून ते करता येते.

सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला २० तासांची आहे. ही मर्यादा दर नोकरीला नसून विद्यार्थ्याला आहे. ग्रंथालयात १२ आणि भोजनगृहात १० तास केले, तर दोन्ही विभागांच्या दृष्टीने सारे ठीक असते, पण विद्यार्थ्याने नियम मोडलेला असतो. असिस्टंटशिप २० तासांची असेल, तर दुसऱ्या कामाला जागाच उरत नाही. एका आठवड्यात १५ तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ तास करता येत नाहीत. उन्हाळी आणि हिवाळी सुट्टीत मात्र, पुढच्या सत्रात शिकायचे ठरलेले असेल तर, कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येते.

‘कॅम्पसवर’ या अटीचाही नेमका अर्थ आहे. विद्यापीठाच्या आवारात खासगी कंपनी भोजनगृह किंवा पुस्तकांचे दुकान चालवत असेल, तर ती विद्यार्थ्यांना थेट सेवा देत असल्याने तिथली नोकरी चालते. त्याच आवारात इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडील काम चालत नाही. आवारापासून दूर असलेली, पण विद्यापीठाशी शैक्षणिकदृष्ट्या जोडलेली संशोधन संस्था कॅम्पसमध्ये धरली जाऊ शकते. तसे आहे का, हे डीएसओकडून लेखी घ्यावे.

नोकरी मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी नोकरी देणाऱ्या विभागाचे पत्र, डीएसओचे पत्र, पासपोर्ट, आय-९४ ही देशातील प्रवेशाची नोंद आणि आय-२० घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात अर्ज करायचा असतो. अमेरिकेत पोहोचल्या पोहोचल्या जाण्यापेक्षा साधारण १० दिवस थांबून गेल्यास विद्यार्थ्याची नोंद सरकारी प्रणालीत आलेली असते आणि फेरी वाया जात नाही. नोकरीच नसेल तर केवळ विद्यार्थी म्हणून हा क्रमांक मिळत नाही. याशिवाय प्रत्येक नोकरीत आय-९ हा फॉर्म भरावा लागतो. त्यातील आपला भाग विद्यार्थ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत पूर्ण करायचा असतो. आय-९ न भरता कामावर घेणारा मालक कायदा मोडत असतो; तिथून लांब राहणे हेच हिताचे.

सीपीटी : शिकत असतानाची इंटर्नशिप

कॅम्पसबाहेरच्या कंपनीत शिकत असताना काम करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग, अर्थात सीपीटी. ते काम अभ्यासक्रमाचाच भाग असावे लागते. म्हणजे इंटर्नशिप पदवीसाठी आवश्यक असते किंवा तिच्यासाठी क्रेडिट देणारा विषय घ्यावा लागतो. त्याआधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे लागते. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सुरुवातीपासूनच प्रत्यक्ष काम अनिवार्य असते, तेवढ्यांना या अटीतून सूट आहे.

सीपीटीची परवानगी डीएसओ देतो आणि ती नव्या आय-२० वर छापून येते. तिच्यात कंपनीचे नाव, कामाच्या तारखा आणि अर्धवेळ की पूर्णवेळ हे नमूद असते. परवानगी त्याच कंपनीपुरती आणि त्याच तारखांपुरती असते. १ जूनपासून परवानगी असताना कंपनीच्या आग्रहाखातर २८ मे रोजी कामावर गेलेला विद्यार्थी त्या दिवसांपुरता विनापरवाना कामगार ठरतो. ऑफर लेटर हाती आले म्हणजे काम सुरू करता येते, असा समज करून घेऊ नये. आधी आय-२० मागावा, तो वाचावा, तारखा जुळतात का पाहावे आणि मगच रुजू व्हावे.

आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ धरली जाते, त्याहून जास्त ती पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक झाली, तर त्या पदवीच्या पातळीवर पुढे पदवीनंतरच्या कामासाठी मिळणारी ओपीटी रद्द होते. अर्धवेळ सीपीटीने ओपीटीला धक्का लागत नाही.

काही संस्था पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ सीपीटीचे आमिष दाखवून प्रवेश देतात. वर्ग नावापुरते आणि नोकरी पूर्णवेळ, असा त्यांचा व्यवहार असतो. कागदोपत्री परवानगी असली तरी पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात, किंवा विमानतळावर पुन्हा प्रवेश घेताना, हे शिक्षण खरे होते का, याची चौकशी होऊ शकते आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर पडते.

ओपीटी : पदवीनंतरचे वर्ष

ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे ओपीटी, हे आपल्या विषयाशी थेट संबंध असलेले काम. प्रत्येक वरच्या पदवीला एकदा १२ महिने मिळतात: बॅचलरनंतर एकदा, मास्टर्सनंतर एकदा, पीएचडीनंतर एकदा. दोन मास्टर्स केल्याने दुसऱ्यांदा मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्यांसाठी या टप्प्याचे वजन मोठे आहे. ओपन डोअर्स अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेतील ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण ओपीटीवर होते.

ओपीटीची परवानगी डीएसओ देत नाही. तो सेविसमध्ये शिफारस नोंदवतो. मंजुरी यूएससीआयएस या केंद्रीय स्थलांतर खात्याची. त्यासाठी आय-७६५ हा अर्ज भरायचा असतो आणि मंजुरीनंतर ईएडी हे कार्ड येते. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि डीएसओच्या शिफारशीपासून ३० दिवसांच्या आत तो खात्याकडे पोहोचावा लागतो. अभ्यासक्रम १५ मे रोजी संपत असेल, तर खिडकी साधारण १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. ओपीटी कोणत्या तारखेपासून हवी, हेही विद्यार्थ्यानेच त्या ६० दिवसांतून निवडायचे असते.

खिडकीच्या शेवटी अर्ज करणाऱ्यांचे नुकसान ठरलेले असते. अर्ज प्रलंबित असताना काम करता येत नाही, आणि मंजुरीला आठवडे नव्हे तर महिनेही लागू शकतात. कार्ड हाती येऊन त्यावरील तारीख उजाडेपर्यंत नोकरी सुरू करायची नाही. जास्तीचे शुल्क भरून तातडीची छाननी मागण्याची सोय आहे. नोकरीवर रुजू होण्याची तारीख जवळ असेल तर तिचा विचार करावा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही: आय-२० वरील शेवटच्या तारखेला कॅम्पसवरील नोकरीचाही अधिकार संपतो. पुढचे ६० दिवस सामान आवरायला, दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला किंवा परत जायला दिलेले असतात, काम करायला नव्हे.

ओपीटी सुरू झाल्यावर आठवड्याला किमान २० तासांचे काम असावे लागते. बिनपगारी काम, स्वतःचा व्यवसाय किंवा एकाहून अधिक मालकांकडचे काम चालते, मात्र ते विषयाशी निगडित असले पाहिजे. संगणकशास्त्राच्या पदवीधराने पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर बसणे ओपीटीत बसत नाही. नोकरी नसलेल्या दिवसांची गणना होते आणि त्यांची एकूण मर्यादा ९० दिवसांची आहे. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. दोन नोकऱ्यांमधला काळही त्यांत मिळवला जातो. मालकाचे नाव, नोकरीतील बदल आणि राहण्याचा पत्ता १० दिवसांच्या आत कळवावा लागतो. नोंद केली नाही तर नोकरी असूनही सरकारी दप्तरी तो विद्यार्थी बेकार दिसतो.

ओपीटीच्या काळात भारतात येऊन जायचे असेल, तर वैध व्हिसा, ईएडी कार्ड, नोकरीचे पत्र आणि गेल्या सहा महिन्यांत डीएसओने प्रवासासाठी सही केलेला आय-२० सोबत असावा. याच काळात दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन सेविस नोंद तिकडे नेली, तर ओपीटी आपोआप संपते.

स्टेम मुदतवाढ

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या पदवीधरांना ओपीटी २४ महिन्यांनी वाढवून मिळू शकते. ही सोय २००८ मध्ये १७ महिन्यांची होती; २०१६ च्या नियमाने ती २४ महिन्यांची झाली. पात्रता पदवीच्या नावावरून ठरत नाही, तर आय-२० वरील सीआयपी या सांकेतिक क्रमांकावरून ठरते. ‘ॲनालिटिक्स’ किंवा ‘मॅनेजमेंट’ अशा नावांचे अभ्यासक्रम एका विद्यापीठात स्टेम यादीत असतात, दुसऱ्यात नसतात. हा क्रमांक प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्यावा, कारण एक वर्ष की तीन वर्षे हा फरक त्यावरच ठरतो.

मुदतवाढीत अटी कडक होतात. कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणीत नोंदलेली असावी लागते. विद्यार्थी आणि मालक यांनी मिळून आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा भरायचा असतो. त्यात काय शिकवले जाईल, देखरेख कोण करील आणि वेतन किती, हे लिहावे लागते. वेतन त्याच प्रकारचे काम करणाऱ्या अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या तोडीचे असावे लागते. प्रत्येक मालकाकडे आठवड्याला किमान २० तास काम हवे. बिनपगारी काम किंवा स्वतःच स्वतःचा मालक असणे इथे चालत नाही. दर सहा महिन्यांनी माहितीची खातरजमा करायची, १२ महिन्यांनी आणि शेवटी मूल्यमापन सादर करायचे. बेकारीच्या मर्यादेत ६० दिवसांची भर पडून ती दोन्ही काळांची मिळून १५० दिवसांची होते.

अर्ज चालू ओपीटी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि ओपीटी संपण्याच्या आत तो पोहोचलाच पाहिजे. वेळेत अर्ज केल्यास निर्णय लागेपर्यंत १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. ओपीटी संपल्यावर मिळणाऱ्या ६० दिवसांत मात्र मुदतवाढीचा अर्ज करता येत नाही.

नोकरी मिळत नाही म्हणून कागदोपत्री ‘प्रशिक्षण’ दाखवणाऱ्या आणि खोटी अनुभवपत्रे देणाऱ्या कन्सल्टन्सी भेटतात. अशा कंपनीवर कारवाई झाली की तिच्या नावावर नोंद असलेल्या विद्यार्थ्यांचीही चौकशी होते. नोंद खोटी ठरली तर तो सारा काळ बेकारीचा धरला जातो, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो.

आर्थिक अडचणीतील परवानगी

एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर अनपेक्षित आणि गंभीर आर्थिक अडचण आली, तर कॅम्पसबाहेर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची परवानगी मागता येते. शिष्यवृत्ती बंद होणे, घरच्या कमावत्या माणसाचा आजार, रुपयाची मोठी घसरण अशी कारणे पुराव्यासह दाखवावी लागतात. डीएसओची शिफारस आणि यूएससीआयएसचे ईएडी कार्ड दोन्ही हवे. पैसे मुळातच कमी होते, हे कारण इथे उपयोगी पडत नाही.

काम कशाला म्हणायचे

रोख पैसे देऊन उपाहारगृहात, मॉटेलमध्ये किंवा दुकानात ठेवून घेणारे लोक आपल्याच समाजातले असू शकतात आणि त्यांचा हेतू मदतीचाही असू शकतो. तरी ते विनापरवाना कामच. गाडी चालवण्याचे किंवा जेवण पोहोचवण्याचे ॲप, ऑनलाइन शिकवणी, फ्रीलान्स डिझाइन, जाहिरातींतून पैसे मिळवणारे व्हिडिओ चॅनेल हेही त्याच धोक्याच्या क्षेत्रात मोडतात. पैशाऐवजी फुकट राहणे किंवा जेवण मिळाले, तरी ते मोबदल्याचे काम ठरू शकते. अमेरिकेत बसून पुण्यातील कंपनीचे काम करायचे आणि पगार भारतातील खात्यात घ्यायचा, हा मार्ग सुरक्षित समजला जातो, पण काम करणारा माणूस अमेरिकेच्या भूमीवर असतो. अशा कामाआधी डीएसओ आणि स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. बँकेतील व्याज, शेअर्सवरील लाभांश किंवा घरच्या मालमत्तेचे भाडे हे मात्र काम नव्हे.

मंदिरात, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात किंवा धर्मादाय संस्थेत निखळ स्वयंसेवा करता येते. एरवी पगारी असलेले पद ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट भरणे ही स्वयंसेवा नव्हे. एफ-२ व्हिसावर आलेल्या पती किंवा पत्नीला अमेरिकेत कोणतीही नोकरी करता येत नाही.

कर

एफ-१ विद्यार्थी करासाठी सामान्यतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी धरला जातो. वर्षातील एक दिवस जरी राहिला तरी ते वर्ष मोजले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्याची ही वर्षे २०२४ ते २०२८. या काळात परवानगीच्या कामावर, ओपीटीवरही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांची मिळून ७.६५ टक्के कपात होऊ नये. पगाराच्या पहिल्या चिठ्ठीवर ती दिसली तर पगार विभागाला लगेच कळवावे.

वेतन मिळवणाऱ्याने १०४०-एनआर हा फॉर्म पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत भरायचा. काहीच कमाई नसली तरी ८८४३ हा फॉर्म भरावा लागतो. त्याची मुदत १५ जून आहे. भारत-अमेरिका करारातील कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते. ही सवलत बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. रहिवाशांसाठीचा साधा १०४० फॉर्म भरून जास्त परतावा घेणे ही चूक पुढे महागात पडते. राज्याचा कर वेगळा असतो.

एच-१बीकडे जाताना

ओपीटी चालू असताना मालकाने वेळेत एच-१बीसाठी स्टेटस बदलाचा अर्ज केला, तर ओपीटी संपली तरी स्टेटस आणि कामाचा अधिकार काही काळ चालू राहतो. याला कॅप-गॅप म्हणतात. पूर्वी तो १ ऑक्टोबरपर्यंत असे. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने तो १ एप्रिलपर्यंत वाढू शकतो. त्याची नोंद असलेला नवा आय-२० डीएसओकडून घ्यावा आणि मालकाला द्यावा.

नियम मोडल्यास

विनापरवाना कामाने एफ-१ स्टेटस मोडते आणि सेविस नोंद बंद होऊ शकते. इतर काही चुकांनंतर स्टेटस पूर्ववत करून मिळण्याचा अर्ज करता येतो, पण ज्याने विनापरवाना काम केले आहे तो त्या सवलतीला पात्र नसतो. चूक लक्षात आली तर काम तत्काळ थांबवून वकिलाचा सल्ला घ्यावा. आय-९ किंवा पुढच्या अर्जात खोटी माहिती देऊन ती झाकू नये.

पैशाचे नियोजन

कॅम्पसवरील कमाई खर्चाला हातभार लावते, फी भागवत नाही. तासाला १५ डॉलर धरले तर २० तासांचे आठवड्याला ३०० आणि १५ आठवड्यांच्या सत्राचे करापूर्वी ४,५०० डॉलर होतात. त्यातून किराणा, फोन आणि भाड्याचा काही भाग निघतो. म्हणून शैक्षणिक कर्जाचे गणित अर्धवेळ नोकरीवर बेतू नये, आणि ओपीटीवर बेततानाही नोकरी मिळेपर्यंतचे काही महिने हाताशी ठेवावेत. प्रत्येक आय-२०, ईएडी कार्ड, ऑफर लेटर, पगाराची चिठ्ठी, डब्ल्यू-२ हे वार्षिक वेतनपत्रक, कर विवरण आणि डीएसओशी झालेला ईमेल व्यवहार यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. विद्यापीठाने दिलेला ईमेल पत्ता पदवीनंतर बंद होऊ शकतो, त्यामुळे हा पत्रव्यवहार त्याआधीच स्वतःकडे उतरवून घ्यावा.